टेकू काढला त्या दिवशी

कुणाच्याही घरी गेले की मी आधी वर बघते. चहा नंतर, विचारपूस नंतर, आधी छत. स्लॅब असो की पत्रा, चारही कोपऱ्यांतून नजर फिरवून आणल्याशिवाय मला खुर्चीत नीट बसता येत नाही. माझी सून पाहुण्यांत हसून सांगते, "आमच्या सासूबाईंना लोकांच्या घरची जळमटं मोजायची फार हौस." मीही हसते. जळमटं मोजणारी म्हातारी म्हणवून घेणं परवडलं, खरं कारण सांगायला बसलं तर चहा गार होतो.

ही खोड मला एकोणिसाव्या वर्षी लागली. बुऱ्हाणपूरच्या एका मराठी मुलींच्या शाळेत मी तेव्हा पहिलीची बाई म्हणून नुकतीच लागले होते, तीही हंगामी. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, बुधवारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत मी आणि आई, आणि घरात कमावणारी मी एकटी. आमची शाळा म्हणजे मूळची कापसाच्या गाठींची वखार. वखारवाल्याचा धंदा बसला, जागा ओस पडली, तेव्हा आत बांबूचे तट्टे ठोकून तिचे चार वर्ग केलेले. वर धाबं होतं. आमच्याकडं तापीकाठची जुनी घरं अशीच असायची. सागाची जाड तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, त्यावर लाकडाच्या चिपा आणि त्यावर हातभर माती. पाणी गळू नये म्हणून दर वैशाखात धाब्यावर नवी पांढरी माती पसरायची. जुनी काढायची मात्र कुणाला आठवण होत नाही. असे कितीतरी वैशाख त्या वखारीवर चढून बसले होते.

त्या ओझ्यानं माझ्या वर्गावरची तुळई मधोमध तडकली होती. तड्यात माझी करंगळी सहज जायची. मी बाकावर चढून घालून पाहिली होती, म्हणून सांगते. वरून माती पडायची. रोज नाही, पण दुपारी ऊन तापलं की लाकूड कुरकुरायचं आणि चिमूट-चिमूट माती मुलींच्या पाट्यांवर यायची. मुलींनी त्याचा खेळ केला होता. जिच्या पाटीवर माती पडेल ती त्या दिवसाची राणी. तुळईच्या बरोबर खाली, पहिल्या रांगेत, माझ्या वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी बसायची. तिची आई केळीच्या बागांत कामाला जायची आणि पोरीला वयाआधीच शाळेत आणून सोडायची. बहुतेक वेळा राणी तीच व्हायची. माती पडली की दोन्ही हात वर करून ती ओरडायची, "बाई, आली!"

बाकीच्या हसायच्या. मी हातातलं काम टाकून वर बघायची. तडा कालच्याएवढाच आहे ना, एवढं बघायची, आणि मग पुन्हा फळ्याकडं वळायची. तिचं ते ओरडणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं की मी तिच्या भरवशावर वर्ग चालवायला लागले. पाच वर्षांची पोर माझी राखणदार होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या मोठ्या बाई. त्यांच्या मागं लागून लागून मी शेवटी गवंडी आणवला. म्हातारा माणूस होता, शहरातली निम्मी धाबी त्याच्या हाताखालून गेलेली. त्यानं तुळईवर बोटाची टिचकी मारली, कान लावला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाभळीचा एक जाड सोट घेऊन आला आणि तड्याखाली टेकू म्हणून ठोकून बसवला. "जोवर हा टेकू हाय, तोवर काही खतरा नाही बाई," तो म्हणाला. "पण याले कोणी हात लावला, तर मग मले विचारू नका."

टेकू वर्गाच्या मधोमध आला. मुली त्याच्याभोवती फेर धरायच्या, मी खेकसायची. वर्गात खांब आणि खांबाभोवती खेकसणारी बाई, असे आमचे दिवस चालले होते.

त्याच सुमारास नागपूरहून बातमी आली. आमच्या मोठ्या बाई चार वर्षं नव्या इमारतीसाठी अर्ज करत होत्या. तो अर्ज कुठल्या तरी टेबलावर एकदाचा मान्य झाला होता. सरकार इमारतीला पैसा देणार होतं, अट एवढीच की एक साहेब येऊन बघणार आणि आहे ती इमारत वापरण्याजोगी नाही असं लिहून देणार. आता हे लवकर व्हायला हवं होतं, कारण राज्यंच फोडून नव्यानं जोडायची चालली होती. नागपूर आणि वऱ्हाड मुंबईच्या राज्यात जाणार, आम्ही निमाडवाले भोपाळच्या वाट्याला येणार, असं चौकाचौकात बोललं जात होतं. मराठी शाळा राहतील की नाही, शिकवणाऱ्या बाया राहतील की नाही, कुणालाच धड माहीत नव्हतं. मोठ्या बाई म्हणायच्या, "नागपूर आहे तोवर आपला अर्ज आहे. एकदा दप्तरं गाड्यांत भरली की आपल्याला कोण ओळखतंय?"

अर्जामागं आमच्या वॉर्डाचे मेंबर होते. नगरपालिकेत तेव्हा दोन तट होते. दुसऱ्या तटाला शाळा आपल्या वेशीजवळ हवी होती. त्यांचा एक माणूस भर सभेत म्हणाला होता, ज्यांना असलेली शाळा झाडूनपुसून ठेवता येत नाही, त्यांना नवी कशाला? ते वाक्य मेंबरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. साहेब येणार असं कळलं तसे ते शाळेत आले, चारी वर्ग फिरले आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीवर बसले. त्या उभ्या राहिल्या.

"बाई, साहेब आपल्या शहराचा मेहमान हाय," मेंबर म्हणाले. "इंतजाम असा पाहिजे का साहेबानं नागपूरले जाऊन नाव काढलं पाहिजे. बदनामी नाही पाहिजे आपल्याले. शाळा कशी चमकून राहिली ते पाहू द्या त्याले, मग आपण हक्कानं नवी मागू."

आज ऐकताना कुणालाही यातली मेख दिसेल. पडकी इमारत दाखवून पैसा मागायचा, तर ती चमकवायची कशाला? पण खरं सांगते, तिथं उभ्या असलेल्या आम्हा पाचजणींपैकी एकीलाही ती दिसली नाही. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं आधी सारवण निघतं. घरात दाणा नसला तरी उंबऱ्यावर रांगोळी पडते. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर हाय त्याहीचं. मेहमानापुढं फाटकी गोधडी पसरतात का? झाकली मूठ सव्वा लाखाची." हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. मलाही ते बरोबरच वाटलं.

संक्रांत होऊन गेली होती. रविवारी सकाळी मुलींच्या आया शेणाच्या पाट्या घेऊन आल्या. कुणी जमीन सारवली, कुणी तापीवरून वाळू आणून अंगणात पसरली. चुन्याचे डबे आले. भिंतींना दोन हात दिले, मग कुणाला तरी सुचलं की लाकडालाही द्यावा. गवंड्याला बोलावून तडा बुजवायला सांगितला. चुन्यात ताग कालवून तो फटीत भरत होता आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. तासाभरात तुळई अशी पांढरीशुभ्र झाली की जणू कालच बसवलीय. खरंच देखणी दिसत होती. मीच तिच्यावर रंगीत कागदाच्या पताका लावल्या.

संध्याकाळी मेंबर पाहणीला आले. सगळं बघून खूश झाले आणि माझ्या वर्गात येऊन थबकले.

"हे काय भुताचं झाड उभं केलंय मधात?" त्यांनी टेकूला हात लावला. "मुली टिपऱ्या खेळतील कुठं? काढा हे."

"मेंबरसाहेब, तो तुळईला आधार आहे," मी म्हणाले.

"एक दिवसाचा सवाल हाय बाई. परवा लावून घेजा परत." मग ते मोठ्या बाईंकडं बघून हसत म्हणाले, "या नव्या बाई फार भितात वाटतं. यांची ऑर्डर पक्की व्हायची हाय ना अजून?"

माझं नाव त्यांच्याच शिफारशीनं लागलं होतं. आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. मी गवंड्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. मी विचारलं, "फक्त उद्यापुरतंच ना?" बस, एवढंच विचारलं. इतक्या वर्षांत ते एक वाक्य मी शंभर वेळा बदलून पाहिलं आहे, प्रत्येक वेळी काही तरी ठणकावून बोलले आहे. त्या दिवशी मात्र एवढंच बोलले. गवंड्यानं टेकूच्या बुडाशी हातोडा मारला, सोट सुटला आणि लाकूड एकदा कुरकुरलं.

साहेब सोमवारी अकराला आले. मध्यम वयाचे, डोळ्यांना जाड चष्मा, बोलायला साधे. त्यांच्यामागं मेंबर, मेंबरांमागं दहा-बारा माणसं. सगळे माझ्याच वर्गात आले, कारण तोच सगळ्यांत मोठा. मुलींच्या हातात टिपऱ्या दिल्या होत्या. पाच आठवडे मीच त्यांच्याकडून ताल घटवून घेतला होता आणि शेवटच्या कडव्याला पाय जोरात आपटायला शिकवलं होतं. ते मला तेव्हा आठवलं.

चाळीस मुली तुळईखाली गोल धरून नाचत होत्या. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझी नजर त्या पांढऱ्या लाकडावरून हलत नव्हती. पताका थरथरत होत्या. वाऱ्यानं की कशानं, ते कळायला मार्ग नव्हता. तडा दिसत असता तर निदान किती वाढलाय ते कळलं असतं. आता चुन्याखाली काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता, आणि तो चुना मीच लावू दिला होता. मी मनात देवाशी घासाघीस करत होते. हे कडवं होऊ दे. आता पुढचं होऊ दे. पाय आपटायच्या जागी मी डोळे मिटले. धप, धप, धप.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्यांत मला ती किनरी हाक ऐकू आली.

"बाई, आली!"

लहानगी दोन्ही हात वर करून उभी होती. तिच्या केसांवर पांढरट माती होती. साहेबांनी चष्मा सावरत विचारलं, "काय आली, बाळ?"

मेंबरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जोरातच दाबला. "हिची कविता म्हणायची वेळ आली असं म्हणतेय, साहेब," मी म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग पोरीनं मुकाट्यानं कविता म्हटली, सगळी, न चुकता. साहेबांनी तिचा गाल थोपटला.

जाता जाता ते थांबले. हातातल्या कागदाकडं बघत म्हणाले, "अर्जात तुळईबद्दल लिहिलंय. काय हो बाई, हा वर्ग तुमचा ना? छताचं काय?"

माणूस सरळ विचारत होता. उत्तर द्यायला मला एक शब्दही जुळवावा लागला नसता, नुसतं वर बोट केलं असतं तरी झालं असतं. पण मेंबर त्यांच्या खांद्याआडून माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आता ठीक आहे, साहेब."

त्यांनी मान डोलावली. मोठ्या बाईंच्या टेबलाशी बसून त्यांनी शेरेबुकात शेरा लिहिला आणि ते गेले. मोठ्या बाईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. इमारत स्वच्छ, सुस्थितीत आणि नीट राखलेली आहे, मुलींची तयारी उत्तम. पुन्हा टाळ्या झाल्या. मेंबरांनी मावा जिलेबी मागवली. आया पदरानं तोंड पुसत एकमेकींना सांगत होत्या, साहेबानं आपल्या शाळेचं नाव काढलं. मीही जिलेबी खाल्ली. फक्त गवंड्यानं घेतली नाही. दाराशी उभा राहून तो मला म्हणाला, "बाई, कागदावर धाबं बरं झालं. आता लाकडाले कोण सांगन?"

त्या दुपारी शाळा सुटताना मी लहानगीला थांबवून घेतलं. रागावले नाही, समजावलं, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट झालं. "मोठ्या माणसांसमोर असं ओरडू नये, बाळ. माती पडली तरी सांगायचं नाही. गुपचूप बसायचं. शहाण्या मुली असं करतात." तिनं मान हलवली.

मंगळवारी गवंडी टेकू परत बसवायला आला. सोट उभा केला आणि तो तुळईखाली जाईना. आधी मला वाटलं, वाकडा धरलाय. त्यानं दोनदा, तीनदा लावून पाहिला. मग खाली ठेवला आणि करवत काढली. चार बोटं लांबीचा तुकडा कापला, तेव्हा कुठं टेकू आत गेला. तो तुकडा त्यानं माझ्या हातावर ठेवला. एका दिवसात छत तेवढं खाली आलं होतं. मी घरी गेले, जेवले नाही, आणि आईनं विचारल्यावर पित्त झालं असं सांगितलं.

तेव्हापासून मी खरी भ्यायला लागले. याआधीची भीती म्हणजे काळजी होती. आता मी रस्त्यानं शाळेकडं येताना कोपऱ्यावर थांबून बघायची, धाबं जागेवर आहे ना. वर्गात असताना बैलगाडी गेली तरी मी पाढे म्हणणं थांबवायची. मुलींना भिंतीलगत बसवलं, मधली जागा मोकळी ठेवली. तरी पोरीच त्या, पाटी-पेन्सिल घेऊन सरकत सरकत पुन्हा मध्ये यायच्या. त्यातल्या त्यात एका गोष्टीनं मला धीर होता. माती पडायची थांबली होती. निदान "बाई, आली" अशी हाक मला पुन्हा ऐकू आली नाही. मी मनाशी म्हटलं, चला, चुन्यानं फट तरी बुजवली.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली आणि कागद आला. पाहणीत इमारत सुस्थितीत आढळल्यामुळं आमच्यासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या गावच्या शाळेला दिला होता. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. मग शेरेबुक काढून तोच शेरा वाचला, ज्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

मग शहरात व्हायचं ते झालं. दुसरा तट म्हणाला, बघा, मेंबरांनी चुना लावला तो शाळेला नाही, शहराला. मेंबर म्हणाले, विरोधकांनीच नागपुरात काड्या केल्या. कुणी तरी त्यांना शेऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "मी काय करू? वर्गाच्या बाईनंच साहेबाले सांगितलं, छत ठीक हाय." माझा संताप संताप झाला, कारण ते खोटं असतं तर भांडता आलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मोठ्या बाईंनी नागपूरला फेरतपासणीसाठी लिहिलं. उत्तर आलं की कचेरीची दप्तरं हलवायची चालली आहेत, तुमचं प्रकरण आता नवं राज्य पाहील. नवं राज्य तर अजून व्हायचं होतं. त्याला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं, हे पोस्टमास्तरलाही सांगता येईना.

आणि पाऊस आला. हातभर माती पाणी पिऊन किती जड होते याचाच हिशोब माझ्या डोक्यात चालायचा. मी मोठ्या बाईंना म्हटलं, माझा वर्ग ओसरीवर घेते. त्या म्हणाल्या, आत गळतंय म्हणून ओसरीवर तिसरी-चौथी बसलीय, तुझ्या चाळीस कुठं बसवू? मीही गप्प बसले. माती पडत नव्हती ना.

श्रावणातली दुपार. सकाळपासून झड लागली होती, भिंतींच्या कडेनं गळत होतं, म्हणून मुली अंग चोरून मध्ये सरकल्या होत्या. मी फळ्यावर बेरजा लिहीत होते. मागं फार शांत होतं. पहिलीचा वर्ग कधी शांत नसतो. मी वळून पाहिलं तर सगळ्या मुली एकीकडंच बघत होत्या. लहानगी तुळईखाली बसली होती आणि तिनं पाटी डोक्यावर धरली होती, दोन्ही हातांनी, घट्ट. पाटीवर मातीचा ढीग होता. केस, पापण्या, फ्रॉक, सगळं पांढरं. वरून माती येतच होती, धार लावून, आणि ती तोंड मिटून बसली होती.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मुली दाराकडं धावल्या. मी दोघींना वेणीला धरून ओढलं, एकीला ढकललं, लहानगीला पाटीसकट उचलून कडेवर घेतलं. टेकूकडं बघितलं तर त्याचं बूड ओल्या जमिनीत सरकत होतं, अगदी सावकाश. आम्ही अंगणात पाय ठेवला आणि मागं आवाज झाला. मोठा नव्हता. कुणी तरी कापसाची ओली गाठ खाली टाकावी तसा. मग दारातून धूळ बाहेर आली आणि पावसानं तिथल्या तिथं बसवली.

मी मुली मोजल्या. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या, एकेकीच्या डोक्याला हात लावून. एकोणचाळीस. मी दाराकडं धावले. आत वर्ग नव्हताच, मातीचा डोंगर आणि त्यातून वर आलेलं तुळईचं मोडकं टोक. मी त्या मातीत हात घातला आणि एका हातानं उकरायला लागले. मोठ्या बाई ओरडत आल्या आणि त्यांनी माझा दुसरा हात धरला. "अगं, तुझ्या कडेवर कोण आहे?" काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणून आयुष्यभर मी दुसऱ्यांना हसले आहे. त्या दिवशी मी मटकन खाली बसले ती चिखलातच.

पुढं वर्ग धर्मशाळेत भरले. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं. आमचा अर्ज नव्यानं लिहावा लागला, या वेळी हिंदीत. इमारत मिळाली ती कितीतरी वर्षांनी, दुसऱ्या तटाच्या वेशीजवळ, आणि तिच्या उद्घाटनाला दोन्ही तटांचे लोक एका मांडवात बसले होते. माझी ऑर्डरही पक्की झाली, मेंबरांनीच करवून दिली. लोक मला म्हणायचे, बाई, तुम्ही चाळीस लेकरं वाचवली. मी त्यांना खोडून काढलं नाही. एकदा खोटं बोलता आलं की दुसऱ्यांदा नुसतं गप्प बसूनही भागतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही सगळ्या अंगणातल्या निंबाखाली भिजत उभ्या होतो. आया धावत येऊन आपापली मुलगी छातीशी धरत होत्या. लहानगीची आई बागेतून यायची होती, म्हणून ती माझ्याजवळच होती. मी पदरानं तिचं तोंड पुसत होते आणि भीती ओसरली तसा मला राग यायला लागला होता.

"अगं, केव्हापासून पडत होती माती?" मी तिला विचारलं.

"रोजच तर पडते, बाई."

"रोज? मग मला हाक का नाही मारली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकवलेलं ती कधी विसरत नसे.

"तुम्हीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "माती पडली तरी सांगायचं नाही."

मी तिचे केस झाडत राहिले. माती ओली झाली होती, निघता निघेना.